मेजाची वंशावळ

आत्या मोंबासा सोडून कायमची परत आली ते साल 1968. तिच्या यजमानांची तिकडे बंदरावरच्या एका कचेरीत नोकरी होती. 1963 च्या डिसेंबरात केनिया स्वतंत्र झाला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत तिकडच्या पुष्कळ हिंदी कुटुंबांनी आपले बाडबिस्तर आवरले. त्यांतलेच हे एक. त्या वर्षी सगळ्यांची दिवाळी आजोबांच्या वाड्यात झाली. नरकचतुर्दशीच्या पहाटेपासून मी चकल्या-अनारशांवर जो हात मारला होता, त्याचा व्हायचा तो परिणाम पाडव्याला झाला आणि मी पांघरूण घेऊन पडलो. आत्याने औषधाची गोळी आणि पाण्याचा पेला रेडिओच्या मेजावर आणून ठेवला, आणि घाईघाईत, वर्षानुवर्षांच्या सवयीने, मला म्हणाली, "दावा इको मेझानी. मेझा!"

'दावा' म्हणजे दवा, हे मला कळले. 'मेझानी' म्हणजे मेजावर, हेही समोर पाहून उमगले. राहिले शेवटचे 'मेझा'. मला वाटले, मेजावर चढून बसायचे असेल. अंगात ताप असताना मी खरोखरच उठलो आणि रेडिओशेजारी जाऊन बसलो. घरभर हशा पिकला. आत्याही हसत हसत म्हणाली, "अरे वेड्या, मेझा म्हणजे गीळ. गोळी गीळ!" तेवढ्यात ओसरीवरून आजोबांचा आवाज आला, "पोरी, तुझी भाषा पार बाटली की गं!"

आजोबांच्या आवाजात राग नव्हता, थट्टाच होती. पण आत्याचे हसू तेथल्या तेथे मावळले. त्यानंतर आमच्या घरात तिच्या तोंडून स्वाहिलीचा एक शब्द मी ऐकला नाही. मुंबईच्या बाजारात, आगगाडीत, शेजारणीशी बोलताना तो शब्द ओठांपर्यंत येई, हे दिसत असे; ती तो परत गिळून टाकी.

शब्द बाटतो म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसून राहिला आहे. मोठ्या सिद्धान्तांच्या वाटेला जाण्याची माझी ताकद नाही. म्हणून त्या दिवशी ज्या एका शब्दापायी मी मेजावर चढलो, त्याचीच वंशावळ मी सवडीप्रमाणे शोधीत गेलो. फराळाचे ताट बाजूला ठेवून वाचकांनी थोडा वेळ माझ्याबरोबर त्या वाटेने यावे.

*

शब्दांची नाती जुळवण्याची आपल्याकडे हौस दांडगी आहे. दोन शब्द कानाला सारखे लागले की त्यांचे लग्न लावून मोकळे व्हायचे. पत्रिका पाहायची नाही, गोत्र विचारायचे नाही. 'मेझा' म्हणजे मेज आणि 'मेझा' म्हणजे गीळ. जेवण मेजावर वाढतात आणि मग ते गिळतात. तेव्हा एकातूनच दुसरा निघाला असणार, असे छातीठोकपणे सांगणारे विद्वान मला भेटलेले आहेत. आणखी एकाने तर 'मज्जा' हा शब्दही याच घरात आणून सोडला होता. असल्या व्युत्पत्तींना गंमत म्हणून कोणाची ना नाही. पण गंमत आणि पुरावा यांतला फरक विसरला की भाषेचे शास्त्र संपते आणि कोट्यांचा खेळ सुरू होतो. पुरावा हवा असेल, तर सुरुवात पार रोमपासून करावी लागते.

आपल्याकडे संस्कृतचा श्रीगणेशा जसा 'राम: रामौ रामा:' ने होतो, तसा इंग्रजी शाळांतून लॅटिनचा श्रीगणेशा पुष्कळदा 'मेन्सा' या शब्दाने होत आला आहे. मेन्सा म्हणजे मेज. विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात (1930) लिहिले आहे की, शाळेच्या पहिल्याच दिवशी त्यांना हा शब्द चालवायला दिला. संबोधनाच्या विभक्तीपाशी येताच त्यांनी मास्तरांना विचारले, की 'हे मेजा!' असे कोणी कधी का म्हणावे? मेजाशी बोलताना म्हणावे, असे उत्तर मिळाले. पण मी तर मेजाशी कधीच बोलत नाही, असे पोर म्हणाले, आणि पुढे आणखी बोलशील तर मार मिळेल, अशी तंबी त्याला मिळाली.

हा मेन्सा आला कोठून? बहुतेक पंडितांचे म्हणणे असे, की लॅटिनमध्ये 'मोजणे' या अर्थाचे जे क्रियापद आहे, त्याचे भूतकाळवाचक धातुसाधित म्हणजे 'मेन्सा' – मोजून दिलेली. काय मोजून दिलेले? अन्नाचा वाटा. लॅटिनची शेजारीण उंब्रियन भाषा. इटलीतल्या गुब्बिओ गावी तिच्यातले धर्मविधी कोरलेले 7 ब्राँझचे पत्रे आहेत. त्यांत 'मेफा' हा शब्द येतो. त्याचा अर्थ देवाला वाहायची पोळी, आणि तो मेन्साचाच सगोत्र मानला जातो. म्हणजे आधी वाट्याला आलेली पोळी, मग ती ज्यावर ठेवायची ती फळी, आणि अखेर चार पायांचे मेज. अन्न आधी, लाकूड नंतर.

आता या 'मोजण्या'चा मूळ धातू कोणता? तो आपल्या ओळखीचा निघतो. संस्कृतातला 'मा' हा धातू, ज्यापासून मान, माप, प्रमाण आणि मात्रा हे शब्द आले, तो आणि लॅटिनचा मोजण्याचा धातू हे एकाच आजीची नातवंडे. मेन्सा आणि मात्रा! कानाला काही साम्य लागते का? नाही. पण रक्ताचे नाते आहे ते येथे. आणि वैद्य औषधाची जी 'मात्रा' देतो, तीही मोजूनच दिलेली असते. आत्याने मेझावर ठेवलेली गोळी म्हणजे मेन्सावर ठेवलेली मात्रा होती, हे तिला ठाऊक नव्हते आणि मला तर नव्हतेच नव्हते.

मेन्साचा हा जुना अर्थ, म्हणजे पोळी, व्हर्जिलच्या महाकाव्यात एका कथेच्या रूपाने जिवंत राहिला आहे. ट्रॉयचे राज्य भस्म झाल्यावर एनिअस आपले लोक घेऊन नव्या भूमीच्या शोधात समुद्रावर भटकतो. वाटेत एक पक्षिरूपी राक्षसी त्यांना शाप देते, की भुकेपायी मेजे खाण्याची पाळी येईल तेव्हाच तुम्हाला तुमचे नगर वसवता येईल. सगळ्यांच्या उरात धडकी भरते. पुढे सातव्या सर्गात ही मंडळी इटलीत टायबर नदीच्या काठी उतरतात. जेवायला भांडे नाही, पाट नाही. गव्हाच्या सपाट पोळ्या गवतावर मांडतात, त्यांवर रानची फळे ठेवतात, आणि फळे संपल्यावर भूक राहिली म्हणून पोळ्याही मोडून खातात. तेव्हा एनिअसचा लहान मुलगा थट्टेने बोलून जातो, की आपण तर आपली मेजेसुद्धा खाल्ली. बाप चमकतो. शाप असा हसता हसता फिटला, आणि हीच आपली भूमी, हे त्याला कळले.

हा प्रसंग समजायला मराठी माणसाला टीपेची गरज नाही. शेतात दुपारच्या वेळी भाकरीवरच झुणका आणि ठेचा घेऊन बसलेला माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला ठाऊक आहे की भाकरी हेच ताट असते आणि ते ताट शेवटी पोटात जाते. व्हर्जिलच्या त्या भटक्यांनी मेन्सा गिळली. स्वाहिलीतही 'मेझा' म्हणजे मेज आणि 'मेझा' म्हणजे गीळ. केवढा सुंदर योगायोग! पण योगायोगच. तो योगायोग आहे हे कसे ओळखायचे, ते पुढे येईल.

*

मेन्सातला 'न' फार दिवस टिकला नाही. 'स'च्या आधी येणारा 'न' बोलण्यात गिळण्याची रोमन लोकांना जुनीच खोड होती. 'कॉन्सुल' या मोठ्या पदाचे शिलालेखांतले संक्षिप्त रूपही 'कॉस' असेच आहे. लोक मेन्साला 'मेसा' म्हणू लागले. हे काही शिक्षकांना सहन झाले नाही. 'प्रोबसची पुरवणी' म्हणून ओळखली जाणारी 227 अशुद्ध शब्दांची एक यादी आज नेपल्सच्या ग्रंथालयात आहे. ती कोणत्या शतकात केली याबद्दल मतभेद आहेत, पण करणारा मास्तर होता याबद्दल शंका नको. अमुक म्हणा, तमुक म्हणू नका, अशी ती सगळी यादी आहे. आणि मेन्सा म्हणावे, मेसा म्हणू नये, अशी ताकीद तीत स्पष्ट आहे. आजोबांची आठवण मला या ठिकाणी झाल्यावाचून राहिली नाही.

त्या मास्तरांचे पुढे काय झाले ते इतिहासात नमूद नाही. त्यांच्या ताकिदीचे काय झाले ते मात्र जगभर नमूद आहे. स्पॅनिशमध्ये मेसा, पोर्तुगीजमध्ये मेसा. त्या साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, रुमानियात, 'मासा' – आणि तेथे त्याचा अर्थ मेज आणि जेवण असा दोन्ही आहे. मधल्या मुलखात, इटलीत आणि फ्रान्समध्ये, फळी या अर्थाचा 'ताबुला' हा दुसरा शब्द पुढे आला. त्यातूनच फ्रेंचांच्या मार्गे इंग्रजांचे आणि आता आपलेही 'टेबल' आले. घरातली जुनी भांडी माडीवर आणि परसात सापडतात, दिवाणखान्यात सापडत नाहीत. तसा हा जुना शब्द साम्राज्याच्या दोन कडांना शिल्लक राहिला आणि मध्यभागातून गेला. आणि शिल्लक राहिला तो कोणत्या रूपात? मास्तरांनी जे बाटलेले ठरवले होते, त्याच.

स्पेनमध्ये या शब्दाने चांगला संसार थाटला. मतदान केंद्रावरच्या अधिकाऱ्यांचे मंडळ म्हणजेही मेसा. वर सपाट आणि कडा तुटलेल्या डोंगरालाही स्पॅनिश लोक मेसाच म्हणतात, आणि देशाच्या मधल्या मोठ्या पठाराला 'मेसेता', म्हणजे छोटे मेज. स्पॅनिश लोक अमेरिकेत गेले तेव्हा हा शब्द त्यांनी तेथल्या डोंगरांवर ठेवला. कोलोराडोतले 'मेसा वेर्दे', म्हणजे हिरवे मेज, हे जुन्या कडेघरांसाठी प्रसिद्ध ठिकाण 1906 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. पाचगणीला गेलेल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. तेथल्या पठाराला इंग्रजांनी 'टेबललँड' म्हटले ते त्याच नजरेने.

पण मला त्या भाषेतला सर्वांत आवडलेला शब्द आहे 'सोब्रेमेसा'. जेवण झाले आहे, ताटे उचलली आहेत किंवा उचलायची राहिली आहेत, आणि मंडळी न उठता बोलत बसली आहेत. त्या वेळेला स्पॅनिश माणूस सोब्रेमेसा म्हणतो. आपल्याकडे ही गोष्ट भरपूर आहे. हात वाळेपर्यंत पंगतीत गप्पा चालतात आणि कोणीतरी आतून ओरडते, "अहो, उठा आता, बायकांची पंगत बसायची आहे!" गोष्ट आहे, पण तिला नाव नाही. नाव नसण्याचे कारण कदाचित ती आतली हाकच असेल.

स्पॅनिशमध्ये कानाला फसवणारे शब्दही आहेत. खाणावळीला किंवा धर्मशाळेला ते 'मेसोन' म्हणतात. मेसा आणि मेसोन, मेज आणि खाणावळ. नाते अगदी उघड दिसते. पण मेसोन निघाला 'मान्सिओ', म्हणजे मुक्काम, या लॅटिन शब्दापासून. मेसाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

*

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मेज नेले ते मात्र स्पॅनिश लोकांनी नव्हे. त्यांच्या शेजाऱ्यांनी, पोर्तुगीजांनी. हे इतिहास सांगतो आणि उच्चारही सांगतो. स्पॅनिश माणूस मेसा म्हणताना स्वच्छ 'स' उच्चारतो. पोर्तुगीजात दोन स्वरांमधला हाच 'स' कंप पावून 'झ' होतो. लिहायचे मेसा, म्हणायचे मेझा. स्वाहिलीत तो 'मेझा' झाला. तोच 'झ', आणि शेवटचा 'आ'ही जागच्या जागी.

वास्को द गामा 1498 च्या एप्रिलात मालिंदीला पोचला आणि तेथून वाटाड्या घेऊन कालिकतला आला. पुढे 1593 साली पोर्तुगीजांनी मोंबाशात 'फोर्ट जीझस' हा किल्ला बांधायला घेतला. त्या किनाऱ्याचा कारभार गोव्याहून चाले. कुमक जाई तीही गोव्याहूनच. 1698 मध्ये ओमानच्या अरबांनी किल्ला जिंकला. पोर्तुगीज गेले आणि मागे काही शब्द राहिले. निशाणाला 'बेंदेरा', पत्त्यांना 'कराता', दारूला 'म्विन्यो', आणि मेजाला मेझा. त्यांतला एक शब्द तर अंगावर काटा आणतो. पोर्तुगीजात चर्चला 'इग्रेजा' म्हणतात; गोव्यात आपण त्याचे 'इगर्ज' केले. मोंबाशाच्या किल्ल्यात असेच एक चर्च होते. लोक त्यावरून किल्ल्यालाच 'गेरेझा' म्हणू लागले. पुढे इंग्रजांनी 1895 मध्ये किल्ल्याचा तुरुंग केला आणि तो 1958 पर्यंत तुरुंगच राहिला. आज स्वाहिलीत गेरेझा म्हणजे तुरुंग. ज्या शब्दाने गोव्यात घंटा ऐकू येते त्याच शब्दाने मोंबाशात बेड्या वाजतात. आणि गंमत अशी, की आपला 'तुरुंग'ही पोर्तुगीज 'त्रोंको' या शब्दापासूनच आलेला आहे.

खुद्द 'मेसा'लाही अशी एक काळी बाजू आहे. पोर्तुगीज इन्क्विझिशनचे न्यायासन 'मेसा' याच नावाने ओळखले जाई. 1560 ते 1812 या काळात, मधली थोडी वर्षे सोडली तर, गोव्यात ते चालू होते. त्या मेजासमोर ज्यांना उभे केले, त्यांना हा शब्द ऐकून जेवण आठवले नसेल.

स्वाहिलीने मात्र हा परका शब्द आपल्या व्याकरणात अगदी मुरवून टाकला. एक मेज म्हणजे मेझा, दहा मेजे तरी मेझाच. आणि मेजावर, मेजापाशी म्हणायचे तर शेवटी 'नी' लावून 'मेझानी'. जेवायला बसा म्हणून पाहुण्यांना हाक मारायची ती 'करीबुनी मेझानी'. यातला 'करीबु' अरबीतून आलेला, जवळ या अशा अर्थाचा. मेझा लॅटिनच्या कुळातला. आणि दोन्हींना लागलेले 'नी' अस्सल आफ्रिकी. तेही दोन निराळे 'नी' – पहिला अनेकांना बोलावतो, दुसरा जागा दाखवतो. चार शब्दांश, तीन खंड, आणि अर्थ एकच: या, जेवायला बसा.

मग गिळण्याचा 'मेझा' कोणता? तो या मातीतला. स्वाहिली ही बांटू कुळातली भाषा. युगांडातल्या लुगांडा भाषेत गिळण्याला 'मिरा' म्हणतात, झिंबाब्वेच्या शोना भाषेत 'मेड्झा', काँगोतल्या लिंगालात पिण्याला 'मेला'. पोर्तुगीजांचे जहाज ज्यांनी कधी पाहिले नाही, अशा आतल्या मुलखांतूनही हे शब्द एकमेकांच्या हाताला धरून उभे आहेत. हे झाले गोत्र. एक मेझा समुद्रावरून आला, दुसरा रानातून आला, आणि मोंबाशाच्या एका घरात दोघे एका वाक्यात शेजारी बसले. व्हर्जिलच्या कथेशी जुळलेला तो योग हा असा योगायोग ठरतो.

कान किती फसवतो याचे आणखी एक उदाहरण दिल्यावाचून पुढे जाववत नाही. लॅटिनमध्ये 'पेन्सुम' म्हणजे तोललेले. त्यातला 'न' मेन्सातल्या 'न'सारखाच गळला आणि स्पॅनिशमध्ये 'पेसो' हे नाणे झाले. स्वाहिलीत पैशाला 'पेसा' म्हणतात. मेसाचा मेझा झाला, तसा पेसोचा पेसा झाला असणार, असे कोणीही म्हणेल. पण येथे नाण्यांच्या मागून चालले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात त्या किनाऱ्यावर हिंदुस्थानचा रुपया चाले. 1890 साली जर्मन पूर्व आफ्रिका कंपनीने 'पेसा' नावाचे नाणे पाडले, आणि 64 पेसांचा एक रुपया असा हिशेब ठेवला. जुन्या काळी आपल्याकडेही रुपयाचे पैसे 64 च असत. पेसा हा आपला पैसा आहे. 2007 पासून केनियात फोनवरून पैसे पाठवण्याची जी 'एम-पेसा' नावाची सोय जगभर गाजली, तिच्या नावात तोच बसलेला आहे. मेझाच्या बाबतीत लॅटिन खरे आणि पेसाच्या बाबतीत खोटे. आणि हे कानाने नव्हे, व्यापाऱ्यांच्या थैलीने सांगितले.

*

आता आपल्या घरी येऊ. मराठी 'मेज' कोणाचे?

मोल्सवर्थच्या कोशात परभाषांच्या खुणा एकेका अक्षराने दिलेल्या आहेत, आणि फारसीची खूण 'पी' हे इंग्रजी अक्षर. मेजाच्या बाबतीत ही खूण मला नेहमी मिस्कील वाटत आली आहे, कारण पोर्तुगीजही 'पी'नेच सुरू होते. उलट, बार्देशातल्या आसगावी जन्मलेले मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी आशियाई भाषांत पोर्तुगीज शब्द किती खोल गेले आहेत, हे 1913 च्या आपल्या कोशात दाखवून दिले. ते पाहिले की किनाऱ्यावरची प्रत्येक वस्तू जहाजातून उतरल्यासारखी वाटू लागते.

दोन्ही पक्ष नीट ऐकले पाहिजेत. तमिळमध्ये 'मेसै', मलयाळममध्ये 'मेश', सिंहलीत 'मेसय'. तेथे पोर्तुगीज मूळ उघड आहे. मराठीत शेवटचा स्वर नाही, आणि 'ज' आहे तो जेवणातला नव्हे, जावयातला. फारसी 'मेझ'शी हे तंतोतंत जुळते. पण एवढ्याने निकाल लागत नाही. कारण कोकणीने 'जनेला'चे 'जनेल' केले तेव्हा तोच शेवटचा स्वर गाळला होता. तेव्हा नुसत्या 'मेज'कडे पाहत बसलो तर वाद मिटायचा नाही. तो मिटतो 'मेजवानी'ने.

मेजवान म्हणजे यजमान. फारसीत 'मेझबान', 'बान' म्हणजे सांभाळणारा, जसा बागवान. हा मेझबान शब्द फिर्दौसीच्या शाहनाम्यात आहे, आणि ते काव्य 1010 च्या सुमारास पुरे झाले. म्हणजे पोर्तुगीज जहाजे या समुद्रात दिसण्याच्या आधी पावणेपाचशे वर्षांहून अधिक. फारसीत 'मेझ'चा एक जुना अर्थ पाहुणा असाही आहे. त्याच्याही मागे गेले तर पुष्कळ पंडित अवेस्तातल्या 'म्यझ्द' या शब्दापाशी पोचतात: देवाला वाहिलेले अन्न. पारशी मंडळींच्या आफ्रिंगानच्या विधीत फळे, फुले, दूध मांडतात त्याला आजही हेच नाव आहे. आणि त्याचा ऋग्वेदातला सख्खा भाऊ 'मियेध' – यज्ञातला हवि.

म्हणून माझा निकाल असा: मेजवानी निर्विवाद फारसी. मेज उत्तरेकडून फारसीच्या पालखीतून आले, आणि किनाऱ्यावर पोर्तुगीज मेझा त्याला भेटायला आला तेव्हा दोघांना एकमेकांचे तोंड इतके ओळखीचे वाटले, की वेगळे राहण्याचे कारणच उरले नाही. कोशातले एक अक्षर ही गोष्ट सांगू शकत नाही. आमच्या कोशांवर माझा आक्षेप आहे तो एवढाच: ते शब्दाचे एकच गाव विचारतात आणि त्याचा प्रवास विचारत नाहीत.

पण या दोन अनोळखी शब्दांत एक गोष्ट समान निघाली, आणि तिने मला थांबवले. लॅटिन मेन्सा आणि फारसी मेझ, दोघांचा आरंभ लाकडात नाही, अन्नात आहे. एकीकडे देवापुढची पोळी आणि वाट्याचा घास, दुसरीकडे देवापुढचा नैवेद्य आणि पाहुणा. मेज नंतर आले.

आणि आता आजोबा. आजोबा भाषाशुद्धीचे कट्टर अभिमानी. पत्रावर कधी 'तारीख' लिहिली नाही, 'दिनांक'च लिहिला. त्यात उणे काही नव्हते. 'दिनांक', 'महापौर' यांसारखे सावरकरांनी दिलेले शब्द आज आपण सहज वापरतो आणि ते उपयोगाचे आहेत. ज्या माधव जूलियनांनी 1925 मध्ये फारसी-मराठी कोश रचला, त्यांनीच 1938 मध्ये 'भाषाशुद्धिविवेक' लिहिला. त्यांना फारसी येत नव्हती म्हणून नव्हे, तर येत होती म्हणून. त्या चळवळीमागे स्वत्वाची जी तळमळ होती तिला हसण्याचा मला अधिकार नाही. चूक झाली ती नवा शब्द घडवण्यात नव्हती. बोलणाऱ्या माणसाला 'बाटली' म्हणण्यात होती. शब्दाचा न्याय करताना आपण नकळत माणसाचा न्याय करून बसतो, आणि शब्दाला काही वाटत नाही. वाटते ते माणसाला.

त्याच 1968 च्या पाडव्याला आजोबांनी आपल्या चार मित्रांना स्वहस्ते चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. त्यांतली एक न दिलेली चिठ्ठी मला पुढे त्यांच्या पंचांगात सापडली. वर शुद्ध 'दिनांक', आणि खाली: सायंकाळी मेजवानीस अगत्य यावे. जन्मभर ते पाटावर बसून जेवले, पण पाहुण्याला बोलावताना त्यांच्या लेखणीतून तोच शब्द उतरला. मी ती चिठ्ठी आत्याला दाखवायची ठरवली होती. दाखवली नाही, कारण तोवर आजोबा गेले होते, आणि तिला वादात जिंकायचे नव्हतेच.

आत्या जाऊनही आता बरीच वर्षे झाली. शेवटच्या दुखण्यात ती गोळ्या घ्यायला कंटाळत असे. एकदा संध्याकाळी, सगळे सांगून थकले तेव्हा, मी उशाच्या मेजाकडे बोट दाखवून म्हणालो, "आत्या, दावा इको मेझानी. मेझा!"

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "रेडिओ पडला असता त्या दिवशी." आणि हात पुढे करून तिने गोळी घेतली.